बायबलची उलटतपासणी घेणारे साहित्य गावच्या वाचनालयात कसे वाचावे

बायबलमधीलच कथा घेऊन त्या कथेच्या तोंडून बायबलला प्रश्न विचारणाऱ्या कादंबऱ्या आणि कविता जगाच्या साहित्यात विपुल आहेत. दोस्तोयेव्स्की, लागेरक्विस्त, सारामागो, एन्दो ही नावे आपल्याकडे बहुधा एम. ए.च्या वर्गात किंवा संमेलनाच्या मांडवात ऐकू येतात आणि तिथेच राहतात. प्रस्तुत मार्गदर्शन विदर्भातील 'क' आणि 'ड' वर्गाच्या ग्रामीण वाचनालयांसाठी लिहिले आहे. तेथे एक-दोन निवृत्त गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, बारावीनंतर घरी थांबलेली मुले, भजनी मंडळातले एखादे बुवा आणि अचलपूर-चिखलदऱ्याकडच्या किंवा यवतमाळकडच्या गावांत एखादे ख्रिस्ती कुटुंब अशी माणसे एका सतरंजीवर बसून वाचन करतात. अशा बैठकीत हे साहित्य वाचता येते, आणि माझ्या मते महाविद्यालयाच्या वर्गापेक्षा चांगले वाचता येते, कारण देवाला जाब विचारण्याची रीत येथे घरोघरी माहीत आहे.

अडचण दोन बाजूंनी येते. काही जण 'त्यांच्या देवाची कशी फजिती केली' या आनंदात पुस्तक ऐकतात. काही जण 'धर्माच्या गोष्टीत कशाला पडता' म्हणून ते मिटवायला लावतात. दोन्ही वेळा पुस्तक न वाचलेलेच राहते. ही अडचण चर्चेतल्या गोड बोलण्याने सुटत नाही. ती वाचनाच्या क्रमाने सुटते, म्हणून आधी क्रमाबद्दल सांगतो.

मूळ अध्याय आधी

कोणतीही कादंबरी किंवा कविता हाती घेण्यापूर्वी बायबलमधील ज्या अध्यायावर ती उभी आहे तो अध्याय संपूर्ण, मोठ्याने आणि मध्ये एकही टिप्पणी न करता वाचावा. मराठी बायबल मिळवणे अवघड नाही. गावात किंवा शेजारच्या गावात ख्रिस्ती घर असेल तर तेथे मागावे, बहुधा आनंदाने मिळते. प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात आणि कॅथलिक प्रतीत ७३, त्यामुळे दोन प्रती समोर असतील तर अनुक्रमणिका वेगळी दिसली म्हणून गोंधळून जाऊ नये. ज्यांना जुनी मराठी आवडते त्यांनी फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तील (१६१६) त्याच प्रसंगाच्या ओव्याही वाचाव्यात. ज्या कथेला पुढे शेकडो वर्षांनी कोणी आव्हान दिले, ती कथा श्रद्धेने सांगितली तर कशी दिसते, हे कानाला आधी कळलेले बरे.

अध्याय वाचून झाला की वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: लेखकाने काय ठेवले, काय बदलले आणि मुळात नसलेले काय घातले. मग साहित्यकृती वाचावी आणि बैठकीतल्या लोकांकडून रकाने भरून घ्यावेत. मत विचारू नये. 'आवडले का', 'पटते का' हे प्रश्न पहिल्या बैठकीत बंद ठेवावेत, कारण ते विचारले की माणूस पुस्तक सोडून स्वतःची बाजू सांभाळू लागतो.

सुरुवात छोट्या कवितेने करावी. विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीची म्हातारा आणि तरुण यांच्या दृष्टान्ताची सोळा ओळींची कविता त्यासाठी उत्तम आहे. ओवेन पहिल्या महायुद्धात लढला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धबंदीच्या एक आठवडा आधी, मारला गेला. सैन्यात जाण्यापूर्वी तो डन्सडन या खेड्यातल्या पाद्र्याचा मदतनीस होता आणि तेथेच त्याचा विश्वास ढासळला. बायबलची भाषा मात्र त्याच्या जिभेवर कायम राहिली. कविता प्रताधिकारमुक्त आहे, त्यामुळे गावातल्या इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींनी तिचे साधे मराठी गद्य करून त्याच्या झेरॉक्स प्रती वाटायला हरकत नाही.

कवितेचा आधार 'उत्पत्ति' या पुस्तकाचा बाविसावा अध्याय आहे. देव अब्राहामाला सांगतो की तुझा लाडका मुलगा इसहाक याला मोरिया देशात नेऊन त्याचे होमार्पण कर. अब्राहाम पहाटे उठतो, लाकडे फोडतो आणि निघतो. तिसऱ्या दिवशी ते ठिकाण दिसते. लाकडे मुलाच्या पाठीवर आहेत, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. मुलगा विचारतो, "बाबा, विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कुठे आहे?" बाप सांगतो की देव स्वतःच पाहून देईल. मग वेदी रचली जाते, मुलाला बांधले जाते, सुरी उचलली जाते आणि आकाशातून देवदूत हाक मारून थांबवतो. झुडपात शिंगे अडकलेला एडका दिसतो. त्याचा बळी दिला जातो.

आता रकाने भरायला घ्यावेत. ओवेनने प्रवास, मुलाचा प्रश्न, सुरी, देवदूत आणि एडका हे सगळे ठेवले आहे. मुलाच्या प्रश्नातल्या लाकडांच्या जागी त्याने लोखंड आणले आहे, दोरीच्या जागी सैनिकाचे पट्टे, आणि वेदीऐवजी म्हातारा खंदक व त्यांचे बांध उभारतो. देवदूत सांगतो की मुलाला हात लावू नकोस, त्याच्याऐवजी गर्वाचा एडका बळी दे. शेवटच्या दोन ओळींत, जिथे यमक प्रथमच ठळकपणे वाजते, म्हातारा ऐकत नाही. तो आपला मुलगा मारतो आणि त्याच्यामागून युरोपचे अर्धे बीज एकेक करून मारतो.

एवढे बहुतेक जण पहिल्या वाचनात सांगतात. मार्गदर्शकाने यापुढे दोन गोष्टी शोधायला लावाव्यात, ज्या वगळल्यामुळे निर्माण झाल्या आहेत आणि म्हणून सहज दिसत नाहीत. पहिली अशी की कवितेत देवाची आज्ञाच नाही. कविता 'मग अब्राम उठला' (अब्राम म्हणजे अब्राहामच) अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. का उठला, कोणी उठवले, हे सांगितलेले नाही. आकाशातून एकच आवाज येतो आणि तो मारू नकोस म्हणणारा आहे. दुसरी अशी की मुलाने कोकरू कुठे आहे असे विचारल्यावर 'उत्पत्ति'तला बाप उत्तर देतो, ओवेनचा बाप देत नाही. प्रश्नानंतरची पुढची क्रिया थेट बांधण्याची आहे. या दोन वगळण्या दिसल्या की आव्हान कोणाला दिले आहे हे आपोआप स्पष्ट होते. कवीने देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. देवाच्या नावाने दुसऱ्यांची मुले रणात पाठवणारी वडीलधारी पिढी त्याने उभी केली आहे, आणि शास्त्रातला देवदूत त्याने फिर्यादीच्या बाजूने साक्षीला आणला आहे.

आपल्या भागात महानुभावांच्या घरी हे अधिक लवकर समजते. 'दृष्टान्तपाठा'त आधी चक्रधरस्वामींचे सूत्र येते, मग दृष्टान्त आणि त्यानंतर केशिराजांनी उलगडलेले दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त कशाला लागू होतो याचे विवरण. ओवेनने सूत्र काढून टाकले, दृष्टान्त मोडून पुन्हा जुळवला आणि दार्ष्टान्तिक वाचकावर सोडले. रिद्धपूरच्या परिसरात बैठक असेल तर हे तीन भाग फळ्यावर मांडून कविता त्यांत बसवून पाहावी. रकान्यांच्या पद्धतीपेक्षा तेथे तीच अधिक फलदायी ठरेल.

बैठक संपवताना त्याच अध्यायाला एक प्रश्न विचारायला हरकत नाही: सारा कुठे आहे? बाविसाव्या अध्यायात इसहाकाच्या आईचे नाव एकदाही येत नाही, आणि तेविसावा अध्याय ती १२७ वर्षांची होऊन वारली या बातमीने सुरू होतो. तिला कोणी सांगितले होते का, हे शास्त्र सांगत नाही. कादंबरीकार नेमका अशा ठिकाणी आत शिरतो.

शास्त्र जिथे गप्प आहे

बायबलचे कथन फार आटोपशीर आहे. माणसे येतात, एक वाक्य बोलतात आणि कायमची निघून जातात. बरब्बा हा असाच एक कैदी. येशूऐवजी जमाव त्याची सुटका मागतो, पिलात हा रोमन सुभेदार ती देतो, आणि त्यानंतर चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रांत, त्याचा मागमूस राहत नाही. स्वीडिश लेखक पेर लागेरक्विस्त याने १९५० साली त्याच्यावर छोटी कादंबरी लिहिली. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. आपल्या जागी मेलेल्या माणसाला पाहत उभा असलेला आणि इच्छा असूनही विश्वास ठेवू न शकणारा बरब्बा पुढे तांब्याच्या खाणीत गुलाम होतो. त्याच्यासोबत साखळीने बांधलेला सहाक हा गुलाम श्रद्धावान आहे. चौकशीच्या वेळी सहाक श्रद्धा सोडत नाही आणि क्रुसावर जातो. बरब्बा 'मला देव नाही' असे सांगून वाचतो. शेवटी तोही क्रुसावर आहे आणि समोरच्या अंधाराला उद्देशून तो आपला आत्मा सोपवतो. तो अंधाराशी बोलतो की देवाशी, हे लेखक सांगत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील (२३:४६) येशूचे अखेरचे शब्द त्या आधी वाचलेले नसतील तर ही ओळ नुसती हळवी वाटते. वाचलेले असतील तर ती अंगावर येते. पहिली पूर्ण कादंबरी म्हणून मी हीच सुचवेन, कारण ती लहान आहे आणि श्रद्धाळू व अश्रद्ध दोघांनाही सारखीच अस्वस्थ करते.

त्यानंतर पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो याची येशूच्या शुभवर्तमानावरची कादंबरी (१९९१) घ्यावी, मात्र तुकड्यातुकड्याने. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातील दोन वर्षांखालील सर्व मुलगे मारण्याचा हुकूम देतो, आणि देवदूताने स्वप्नात सावध केल्यामुळे मरियेचा नवरा योसेफ बाळ येशूला घेऊन मिसर देशाला जातो. सारामागोने स्वप्न काढून टाकले. त्याच्या कादंबरीत योसेफ शिपायांचे बोलणे ओझरते ऐकतो, धावत जाऊन आपले बाळ वाचवतो आणि गावातल्या दुसऱ्या कोणाच्याही दारावर थाप मारत नाही. मेलेल्या मुलांचे ओझे त्याच्या झोपेत येते आणि त्याच्या मरणानंतर मुलाच्या स्वप्नात वारशाने उतरते.

येथे बैठक ख्रिस्ती कथेवर तोंडसुख घेण्याकडे वळू लागली तर मार्गदर्शकाने सारामागोचा तोच प्रश्न आपल्या घराकडे वळवावा. भागवत सप्ताहात दरवर्षी आपण ऐकतो की कृष्ण गोकुळात सुखरूप पोहोचला आणि मग कंसाने पूतनेला तान्ही बाळे मारायला पाठवले. त्या बाळांच्या आयांनी त्या रात्री काय केले? सप्ताहात त्यांच्यासाठी एखादे पद आहे का? हा प्रश्न विचारल्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि त्यानंतरची चर्चा 'त्यांचा धर्म, आपला धर्म' या वाटेने जात नाही.

सारामागोच्या पुस्तकाने त्याच्या देशात मोठे वादळ उठले. १९९२ साली पोर्तुगाल सरकारातील एका अधिकाऱ्याने युरोपीय साहित्य पुरस्काराच्या यादीतून ते काढून टाकले; त्यानंतर सारामागो लांझारोते या स्पॅनिश बेटावर राहायला गेला आणि १९९८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. श्रद्धावंतांचा आक्षेप आणि साहित्यिकाचे उत्तर हा प्रकार आपल्या मातीतही जुना आहे. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांचा 'शिशुपालवध' शृंगाराच्या अतिरेकामुळे पंथातल्या वडीलधाऱ्यांना रुचला नाही; पुढे त्यांनी 'उद्धवगीता' लिहिली. आज दोन्ही ग्रंथ वाचले जातात, आणि काव्य म्हणून पहिला अधिक.

बोलतो आहे कोण, आणि कोणाला

शंका घेणारे वाक्य सापडले की ते लेखकाचेच मत समजण्याची घाई सर्वत्र होते. ती थांबवण्यासाठी दोस्तोयेव्स्कीच्या 'कारामाझोव बंधू' (१८७९-८०) या कादंबरीतील महान्यायाधीशाचे प्रकरण वाचावे. संपूर्ण कादंबरी वाचणे बैठकीला झेपणार नाही. पाचव्या भागातील 'बंड' आणि त्यापुढचे हे प्रकरण पुरेसे आहे. आधी मत्तयचा चौथा अध्याय वाचावा: अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूला सैतान सांगतो की या धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, मला नमन कर म्हणजे जगाची राज्ये देतो, येशू तिन्ही नाकारतो.

दोस्तोयेव्स्कीच्या कथेत येशू सोळाव्या शतकातल्या सेव्हिल शहरात परत येतो. धर्मद्रोह्यांना जाळणारा नव्वद वर्षांचा कार्डिनल, म्हणजेच हा महान्यायाधीश, त्याला ओळखतो, अटक करतो आणि रात्री कोठडीत येऊन सुनावतो की तू तिन्ही वेळा चुकलास. माणसांना स्वातंत्र्य पेलत नाही. त्यांना भाकर हवी, चमत्कार हवा आणि ज्याच्यापुढे वाकावे असा कोणी हवा. आधी त्यांची पोटे भर आणि मग त्यांच्याकडे सदाचार माग. तुझे काम आम्ही दुरुस्त केले आहे, आता मध्ये येऊ नकोस. येशू शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही; तो म्हाताऱ्याच्या निस्तेज ओठांचे चुंबन घेतो. म्हातारा दार उघडून सांगतो, जा, पुन्हा येऊ नकोस.

सोयाबीनला हमीभाव मिळाला नाही आणि पीककर्जाचा हप्ता उभा आहे अशा वर्षी हे प्रकरण गावात वाचले तर म्हाताऱ्याचे म्हणणे निम्म्याहून अधिक लोकांना पटेल. पटू द्यावे. मार्गदर्शकाने येशूचा वकील होऊ नये. दोस्तोयेव्स्कीनेही वकील दिलेला नाही. त्याऐवजी फळ्यावर चार नावे एकाखाली एक लिहावीत. सर्वांत वर दोस्तोयेव्स्की, जो स्वतः ख्रिस्ती श्रद्धेचा माणूस होता. त्याखाली इव्हान, जो ही कथा खाणावळीत बसून आपल्या भावाला सांगतो. त्याखाली इव्हानने रचलेला म्हातारा, आणि सर्वांत खाली गप्प असलेला कैदी. बाजूला अल्योशा लिहावा, जो ही कथा ऐकतो आणि म्हणतो की तुझे काव्य येशूची निंदा करत नाही, स्तुती करते. कोणते वाक्य या यादीतल्या कोणाचे, हे ठरवल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. 'बंड'मधला इव्हानही देव नाही असे म्हणत नाही. ज्या व्यवस्थेत लहान मुलाच्या वेदनेची किंमत मोजून सौख्य मिळते, तिच्यात प्रवेश देणारे तिकीट तो नम्रपणे परत करतो. नास्तिक्य आणि हा नकार यांत फरक आहे, आणि मला तर नकारच अधिक अवघड वाटतो.

वाचनाची पद्धतही येथे बदलावी. नाट्यवाचन करणारा एक चांगला आवाज म्हाताऱ्यासाठी निवडावा. खडी गंमत किंवा झाडीपट्टीच्या नाटकात काम केलेला कोणी असेल तर उत्तमच. त्याच्यासमोर दुसऱ्या कोणाला तरी बसवावे, ज्याने पूर्ण वेळ काहीही बोलायचे नाही आणि मानही हलवायची नाही. सवाल-जवाबाची सवय असलेल्या श्रोत्यांना उत्तराची वाट पाहत बसावे लागते, आणि न आलेले उत्तर हाच या प्रकरणाचा गाभा असल्याने तो समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

शंका शास्त्राच्या आतही आहे

एव्हाना बैठकीतले श्रद्धाळू सदस्य थोडे दुखावलेले असण्याचा संभव आहे. म्हणून पुढची बैठक केवळ बायबलची ठेवावी. 'ईयोब' या पुस्तकातील पहिले तीन अध्याय, अडतिसावा आणि बेचाळिसावा अध्याय वाचावा. सात मुलगे, तीन मुली आणि सगळी गुरेढोरे एका दिवसात गमावलेला ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. देव आणि सैतान यांच्यात काय ठरले हे वाचकाला पहिल्याच अध्यायात कळलेले असते; ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन पानेच्या पाने बोलतात, आणि अखेरीस देव त्या मित्रांवरच रागावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. मग ईयोबाला गुरे दुप्पट मिळतात आणि पुन्हा सात मुलगे व तीन मुली होतात. आधीच्या दहा जणांचे काय, हा प्रश्न कादंबरीकाराने विचारायची गरज नाही. सतरंजीवरची कोणतीही आई तो विचारेल.

त्याच बैठकीत चार शुभवर्तमानांतील येशूचे अखेरचे उद्गार शेजारी शेजारी मांडावेत. मत्तय आणि मार्क यांच्याकडे 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' ही बायबलमधल्याच बाविसाव्या स्तोत्रातली आर्त ओळ आहे. लूककडे आत्मा सोपवण्याचे शांत शब्द आहेत. योहानाकडे पूर्ण झाल्याची घोषणा आहे. एकच मरण वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगण्याची मुभा शास्त्रकारांनी घेतलेली आहे. सारामागो त्या मांडणीत आणखी एक भर घालतो: लूकचा येशू बापाकडे लोकांसाठी क्षमा मागतो, सारामागोचा येशू लोकांना सांगतो की देवाला क्षमा करा, त्याला कळत नाही त्याने काय केले. हे वाक्य एकटे वाचले तर थोबाडीत दिल्यासारखे वाटते. ईयोब आणि बाविसावे स्तोत्र वाचून झाल्यावर ते एका जुन्या भांडणातले पुढचे वाक्य आहे हे कळते. 'माझे लेखी देव मेला' म्हणणारे तुकोबा आणि विठ्ठलाला शिव्या देणारी जनाबाई ज्यांच्या पाठात आहेत, त्या बुवांना येथे बोलायला सांगावे. ते बहुधा चांगले बोलतात.

बैठकीची व्यवस्था

ख्रिस्ती कुटुंब बैठकीत असेल तर त्यांना खुलासा मागू नये. लेखकाने मत्तयला काय विचारले याचे उत्तर शेजारच्या घरातल्या काकांनी द्यायचे कारण नाही. मात्र त्यांच्या घरी तो अध्याय कसा वाचतात, उपासनेत कोणत्या दिवशी वाचतात, हे त्यांना सांगावेसे वाटले तर आधी ऐकावे. विदर्भात ख्रिस्ती वाचनपरंपरा परकी किंवा नवी नाही. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, भेटला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ पाच वर्षांनी ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त दोन्ही धर्मांकडे ज्या मिस्कील डोळ्यांनी पाहिले आहे, ते पाहता या मालिकेच्या मध्ये एखादी बैठक त्या पुस्तकासाठी ठेवावी. ते श्रद्धेला आव्हान देत नाही, पण श्रद्धेच्या माणसांना हसता येते हे दाखवते, आणि त्याने वातावरण मोकळे होते.

वेळ ठरवताना पंचांगाबरोबर ख्रिस्ती सणही पाहावेत. शुभ शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आठवड्यात सारामागो वाचणे हा उगाच खोडसाळपणा होईल. सोयाबीनच्या सवंगणीत बैठक होत नाही. कापसाच्या वेच्याच्या दिवसांत बायांना यायला आठ वाजतात, म्हणून त्याआधी सुरू करू नये. मोबाईलवर चित्रण करू देऊ नये. महान्यायाधीशाचे अर्ध्या मिनिटाचे बोलणे मागचे-पुढचे तोडून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर गेले की ते वाचणाऱ्याचेच मत ठरते, आणि मग फळ्यावरच्या चार नावांचा काही उपयोग राहत नाही. जे पुस्तक मराठीत हाती लागणार नाही, त्याचा हिंदी अनुवाद पाहावा. आपल्याकडे हिंदी वाचायला कोणी अडत नाही.

ज्यांना स्वतः लिहून पाहायचे आहे त्यांनी एकच बंधन पाळावे: मूळ अध्यायातील एकही घटना न बदलता केवळ न बोललेल्या माणसाला बोलते करावे. साराच्या तोंडची जात्यावरची ओवी, ईयोबाच्या बायकोचे गाऱ्हाणे, बेथलेहेमातल्या एखाद्या शेजारणीचे योसेफाला विचारणे, असे विषय पुरतात. घटना बदलण्याची मोकळीक पहिल्या प्रयत्नात घेतली तर बहुतेकांचे लिखाण भाषणाकडे झुकते.

शेवटच्या बैठकीसाठी शुसाकू एन्दो या जपानी कॅथलिक लेखकाची 'मौन' (१९६६) ही कादंबरी राखून ठेवावी. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ख्रिस्ती शेतकऱ्यांना येशूची प्रतिमा असलेली फळी पायाने तुडवायला लावत. तुडवली तर सुटका, नाहीतर छळ. रॉड्रिगेस हा पोर्तुगीज पाद्री तुडवायला तयार नसतो, पण त्याच्या नकाराची शिक्षा त्याला होत नाही. खड्ड्यावर उलटे टांगलेले शेतकरी ती भोगत असतात. त्यांच्या कण्हण्याच्या आवाजात तो देवाला विचारत राहतो की तू गप्प का आहेस. वाचन पाद्र्याचा पाय उचलला जातो तेथे थांबवावे आणि प्रत्येकाने त्याने काय करावे हे चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहून द्यावे. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर पुढचे पान उघडावे, ज्यात प्रतिमेतला येशू पाद्र्याशी बोलतो आणि तुडव असे सांगतो. हा आवाज येशूचा की थकलेल्या माणसाने स्वतःला दिलेल्या परवानगीचा, यावर बैठकीचे एकमत होणार नाही. ज्यांना वाद पुढे न्यायचा असेल त्यांना मार्कच्या चौदाव्या अध्यायातील पेत्र या शिष्याने येशूची ओळख नाकारल्याचा प्रसंग घरी वाचून यायला सांगावे.